सकाळची सही

आमच्या पतसंस्थेत मस्टरवर दिवसातून दोनदा सही करावी लागते, आल्यावर एक आणि निघताना एक. बावीस वर्षं मी त्या दोन रकान्यांत सह्या करत आले, पण कधी निरखून पाहिल्या नव्हत्या. सही करताना हात आपोआप फिरतो, डोकं कॅशच्या बेरजेत असतं. माझ्या आजाराचा पहिला लेखी पुरावा मात्र त्या मस्टरमध्येच पडून होता. तो नजरेस पडला तेव्हा सव्वा वर्ष हातचं गेलं होतं.

चार वर्षांपूर्वी गड्ड्याची जत्रा संपत आली होती, त्या दिवसांत हे सुरू झालं. होम मैदानावरचे पाळणे उतरायला लागले होते. सोलापुरात तेव्हा नळाला रोज पाणी येत नसे. चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आमच्या भागात पहाटे चारला. त्या पहाटे मी उठले, नळाच्या चावीला हात घातला आणि बोटं मिटेनात. दुखत तर होतीच, पण त्याहून विचित्र म्हणजे ती माझी वाटत नव्हती. रात्रीतून कुणीतरी हातांवर जाड मोजे चढवून शिवून टाकलेत, असं काहीतरी. दोन्ही तळव्यांमध्ये चावी धरून फिरवली. कळशी उचलवेना, म्हणून तांब्या-तांब्याने पिंप भरलं. साडेसातपर्यंत हात मोकळे झाले आणि मी ते विसरून कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात मी दुधाची पिशवी दातांनी फाडायला लागले, ब्लाउजचे हुक लेकीकडून लावून घ्यायला लागले. भाकरी थापताना तळहात परातीवर पडला की बोटांच्या मुळाशी अशी कळ उठायची की डोळ्यांत पाणी यावं. मार्चमध्ये दोन्ही मनगटं इतकी सुजली की बांगड्या वाढवाव्या लागल्या. ‘वाढवल्या गं,’ एवढंच आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण बराच वेळ माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत बसली.

आपल्याकडे सांध्यात काहीही झालं की नाव एकच, वात. आजीचा गुडघा धरला तरी वात, अंगठा सुजून लाल झाला तरी वात, २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली आणि माणसं महिनोन् महिने वाकून चालायला लागली तेव्हाही ‘अंगात वात शिरला’ म्हणणारे होतेच. जुन्या वैद्यांनी इतकी सरमिसळ केली नव्हती. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदान या वैद्यकाच्या ग्रंथात आमवाताचं वर्णन वेगळं आहे आणि वातरक्ताचं वेगळं. ती वेगळेपणाची दृष्टी आपण बोलता बोलता घालवली आणि शब्द तेवढा शिल्लक ठेवला. संधिवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारांचे प्रकार शंभराच्या वर आहेत, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही स्वतःच्या हातांमुळे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रात्री चमचाभर एरंडेल, मेथीचे लाडू, तांब्याचं कडं. सगळे मायेनं सांगत होते आणि मी त्यातलं बरंचसं केलं. शेकानं बरं वाटतं हे खरं आहे, आजही मी घेते. पण शेक घेऊन तासाभरानं हात मोकळे झाले की मला वाटायचं, गुण आला. ते हात शेकाशिवायही त्या सुमारास मोकळे झालेच असते, हे ध्यानात यायला फार उशीर झाला.

मग एका दवाखान्यात रक्त तपासलं. युरिक ॲसिड जरासं वाढलेलं निघालं आणि आरए फॅक्टर ही संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली. ‘तुम्हाला संधिवात नाही, युरिक ॲसिड आहे. डाळी बंद करा,’ असं सांगून मला घरी पाठवलं. आठ महिने मी तुरीच्या डाळीला शिवले नाही. टोमॅटो बंद, पालक बंद, शेंगाची चटणीसुद्धा कुणीतरी सांगितलं म्हणून बंद. शेंगाच्या चटणीशिवाय सोलापुरात जेवायला बसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. वजन सहा किलोनं उतरलं, आणि बोटं होती तशीच.

आता कळतं ते असं. युरिक ॲसिडमुळे होणारा आजार म्हणजे गाऊट, आपलं वातरक्त. तो बहुतेकदा रात्रीतून अचानक उसळतो, एखाद्याच सांध्यात, पुष्कळदा पायाच्या अंगठ्यात. सांधा इतका लाल होतो की वर पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. पुरुषांमध्ये तो जास्त, बायकांमध्ये पाळी जाण्याआधी क्वचित. रक्तात युरिक ॲसिड थोडं वाढलेलं असून आयुष्यभर गाऊट न होणारी माणसं भरपूर असतात. माझे तर दोन्ही हात सारखेच सुजत होते, एकेक बोट तोलून. रिपोर्टावरच्या एका आकड्याकडे बघितलं गेलं आणि समोर टेबलावर ठेवलेल्या हातांकडे बघितलं गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्या पुढची गोष्ट सांगायला जड जातं, पण सांगायलाच हवी. शेजारच्या जिल्ह्यात एक जण पुड्या देतो, असं कळलं. ‘शंभर टक्के झाडपाल्याचं.’ रविवारी तिथं जीपगाड्यांची रांग असायची. महिन्याच्या पुड्या घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून मी कळशी उचलली. भरलेली कळशी, एका हातानं. मी तिथंच न्हाणीत बसून रडले. ज्याला आंधळा म्हणून हिणवलं जातं, त्या रांगेतल्या माणसाला मी कधीच नावं ठेवणार नाही. जिला इतक्या महिन्यांनी स्वतःचं मनगट परत मिळालं, ती काय चौकशी करणार?

पाचव्या महिन्यात माझा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. हातावर जरा काही लागलं की निळे डाग पडायचे. शुगर दोनशेच्या वर गेली. आमच्या घरात कुणालाच मधुमेह नाही. पुड्या संपल्या आणि तो माणूस गावी नव्हता, तेव्हा दोन दिवसांत असं अंग मोडून आलं की लघवीला उठायला लेकीचा आधार लागला.

त्या पुडीत बहुधा स्टेरॉइड होतं. मला ज्यांनी पुढं तपासलं त्या डॉक्टर मॅडमनी चेहरा बघूनच ते ओळखलं. त्यांनी मला रागावलं नाही. स्टेरॉइड हे जादूसारखं औषध आहेच, असं त्या म्हणाल्या. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना त्यासाठी नोबेल मिळालं. जगाला वाटलं, संधिवात संपला. मग हळूहळू हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, साखर, जंतुसंसर्ग, हे सगळं पुढं आलं. आजही तज्ज्ञ स्टेरॉइड देतात, पण थोडं, मोजून, ठरावीक दिवस, आणि उतरवत उतरवत थांबवतात. कारण बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं तयार करायचं कमी करतं, आणि एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पुडीत किती असतं, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पण त्या मॅडमपर्यंत मी पोचले ती मस्टरमुळे.

वार्षिक तपासणीला आलेल्या ऑडिटरनी मस्टर चाळता चाळता साहेबांना विचारलं, ‘या बाईंच्या नावापुढं सकाळची सही दुसरं कुणी करतं का?’ साहेबांनी मला बोलावलं. माझ्या पोटात गोळा आला. बावीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडं झाला नव्हता आणि आता सहीवर संशय. पान समोर ठेवलं. मी पाहिलं. सकाळच्या रकान्यात माझं नाव मोडून पडल्यासारखं दिसत होतं, आडनावाची शेवटची अक्षरं रेघेच्या खाली घसरलेली. संध्याकाळच्या रकान्यात तीच सही ताठ, वळणदार, शेवटच्या फटकाऱ्यासह. मी मागची पानं उलटली. जानेवारीत दोन्ही सारख्या. फेब्रुवारीत सकाळची थोडी थरथरती. एप्रिलमध्ये ती लहान झाली. जूनमध्ये तिच्यातला फटकारा गेला. मग पुड्यांचे चार-पाच महिने, त्यात दोन्ही सह्या सुरेख. आणि त्यानंतर पुन्हा मोडतोड.

साहेबांसमोर मी ती पानं मोबाईलवर टिपून घेतली. ऑडिटरना सगळं सांगितलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘ताई, हे कुणातरी मोठ्या डॉक्टरला दाखवा.’

ही गोष्ट नीट कळायला आईचे गुडघे मला उपयोगी पडले. आई बहात्तर वर्षांची. तिची सासू, म्हणजे माझी आजी, जुन्या गिरणीत कामाला होती. आईनं मात्र जन्मभर घर सांभाळलं, जमिनीवर बसून निवडलं, टिपलं, भाकऱ्या थापल्या. तिचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. सकाळी उठली की ती पाच-दहा मिनिटं अडखळते आणि मग चालायला लागते. देवघरापासून अंगणापर्यंत तिची सगळी फेरी होते. दुपारनंतर मात्र गुडघे बोलायला लागतात, जिना चढला की जास्त, उतरताना त्याहून जास्त. रात्री आडवी झाली की थांबतात. माझं नेमकं उलटं. मी रात्रभर आराम करून उठायची ती लाकूड होऊन, आणि काम करत गेले की सुटत जायची. आराम केला की आईला बरं वाटायचं, आणि आराम केला की माझं बिघडायचं. एका घरात, एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकच तेल चोळत होतो आणि एकच नाव घेत होतो.

आईचा आजार झिजेचा. हाडाच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, ते वय, वजन, जुन्या दुखापती, घराण्याचा वारसा अशा कारणांनी विरत जातं, कडेला हाड वाढतं. माझा आजार ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपला आमवात. त्यात झीज नंतर येते. आधी सुजतं ते सांध्याचं अस्तर. आपण कापडाच्या गावातली माणसं, अस्तर म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. कोटाच्या आत असतं तसं सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं. सांध्याला वंगण पुरवायचं काम त्याचं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जी जंतूंवर धावून जायची, ती या अस्तरावर धावून जाते. मग ते जाड होतं, फुगतं आणि हळूहळू शेजारचं हाडही कुरतडायला लागतं. रात्रभर हालचाल नसताना त्या सुजलेल्या अस्तरात पाणी साचून राहतं आणि सूज वाढवणारी शरीरातली रसायनंही पहाटेकडे चढीला असतात. म्हणून सकाळ. म्हणून ती सही.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. ‘सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?’ त्याआधी चार ठिकाणी दाखवलं होतं. ‘कुठं दुखतं’, ‘किती दुखतं’, ‘कधीपासून’, सगळं विचारून झालं होतं, सकाळचं कुणी विचारलं नव्हतं. मी काही न बोलता मोबाईल पुढं केला. त्यांनी सह्या पाहिल्या, मोठ्या करून पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. मग माझा हात हातात घेऊन बोटांची मुळं दोन्ही कडांनी हलकेच आवळली. मी किंचाळलेच. बोटांच्या टोकाचे सांधे दाबले, तिथं काही नाही. मधले दुखले, मुळाचे दुखले, मनगट दुखलं. पायांची बोटं त्यांनी तशीच आवळून पाहिली. तिथंही दुखतंय हे तोवर मला माहीत नव्हतं. चप्पल लागत असेल असं वाटायचं.

अर्ध्या तासाहून, तासाहून जास्त टिकणारा सकाळचा आखडलेपणा, दोन्ही बाजूंचे लहान सांधे, दीड महिन्याहून जास्त काळ सूज. एवढं असेल तर रक्ताच्या रिपोर्टाची वाट न बघता तज्ज्ञाकडं जावं. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असतो, आणि काहींना आजार नसताना तो पॉझिटिव्ह येतो. माझी अँटी-सीसीपी नावाची तपासणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी हाडाला बारीक खाच दिसली, उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तशी. ‘ही भरून येईल का?’ मी विचारलं. ‘बहुतेक नाही,’ मॅडम म्हणाल्या, ‘पण दुसरी पडू द्यायची नाही.’ सुरुवातीचे सहा महिने या आजारात सोन्यासारखे. तेवढ्यात औषध सुरू झालं तर पुष्कळांचे सांधे वाचतात. माझे ते महिने डाळ सोडण्यात आणि पुड्यांत गेले.

पुण्याला जाताना भिगवण लागतं. उजनीचं पाणी, त्यावरचे पक्षी, स्टॉलवरचे मासे. त्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉक्टरांच्या पथकानं घरोघर जाऊन सांधे दुखणाऱ्यांची मोजणी केली, भारतातल्या अशा पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी ती एक. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला माझा आजार निघाला. मला तो आकडा कळल्यापासून मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मनातल्या मनात मोजते. पाचशे माणसांचं जेवण असेल तर दोघं-तिघं तरी. त्यात बाया जास्त, कारण हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो. आणि त्या बहुतेक आत, भांड्यांपाशी असतात.

औषध दिलं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा. हे मी इथं मुद्दाम ठळकपणे लिहिते, कारण यात चूक झाली तर माणूस दगावू शकतो. रोज नाही, आठवड्यातून एकदाच, एकच वार ठरवून. माझा शनिवार. रात्री जेवून घ्यायची, रविवारी मळमळलं तरी घरीच असते. चिठ्ठीवर मॅडमनी ‘फक्त शनिवार’ असं मराठीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. फोलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी. दारूचा प्रश्न आमच्या घरात नव्हता, पण तो त्यांनी न लाजता विचारला.

औषधाच्या दुकानात मुलगा हळूच म्हणाला, ‘काकू, हे कॅन्सरचं आहे, माहिताय ना?’ मी पाकीट न फोडता घरी आणून कपाटात ठेवलं. पंधरा दिवस ते तिथंच. ते बाहेर काढायला लावलं आमच्या गल्लीतल्या अक्कानं.

अक्का तेलुगू, विडी कामगार. आमच्या गल्लीत दुपारी प्रत्येक उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली एक बाई दिसेल. अक्काचा नातू फार्मसी शिकतो. तिनं त्याच्याकडून माझ्या औषधाची माहिती काढली आणि संध्याकाळी येऊन अभिमानानं म्हणाली, ‘हे औषध आमच्या माणसानं काढलंय.’ मला वाटलं, समजूत घालतेय. पण ते खरं आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं स्प्रू नावाच्या पोटाच्या आजारानं गेले. सुब्बाराव अमेरिकेत गेले, लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ साली फोलिक ॲसिड बनवलं, जे स्प्रूवर लागू पडतं. आणि मग तिथंच त्या फोलिक ॲसिडचं काम अडवणारी औषधं बनली, त्यातलंच मेथोट्रेक्सेट. आधी ती रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिली गेली. संधिवातासाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं. कॅन्सरमध्ये मात्रा पुष्कळ पटींनी मोठी असते, आमची आठवड्याला काही मिलिग्रॅम. सुब्बाराव १९४८ सालीच गेले, त्यांना हे दिसलं नाही.

म्हणजे शनिवारची गोळी आणि तिची बाधा कमी करणारी दुसरी गोळी, दोन्ही एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या. आणि त्याच्याही मागं जावं तर फोलिक ॲसिडचा माग लागला तो मुंबईत. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या आणि कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त इतकं कमी का होतं, याचा शोध घेत राहिल्या. यीस्टचा अर्क दिला की त्या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली मांडलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढं ओळखलेलं फोलिक ॲसिड. हे वाचलं तेव्हा मला गिरणीतली माझी आजी आठवली. तिची दोन बाळं जन्मतःच गेली होती. मी त्या रात्री पाकीट फोडलं.

गुण यायला दहा आठवडे लागले. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, सहा ते बारा आठवडे धीर धरा. मधल्या काळासाठी मोजून स्टेरॉइड दिलं आणि मोजून काढून घेतलं. तोंडात दोनदा फोड आले, केस थोडे गळले, मग सगळं स्थिरावलं. पुढं दुसरी एक गोळी जोडली, तिच्यासाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घेते. सूज उतरल्यावर मनगट किती बारीक असतं, हे मला नव्यानं दिसलं.

घरात बरंच काही बदललं. कळशी गेली, नळाला पाइप लावला. लाटणं, सुरी, कालथा, सगळ्यांच्या मुठींना जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळून जाड केल्या, म्हणजे बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. बरणीचं झाकण बोटांनी न फिरवता तळहातानं फिरवते. पिशवी बोटांत न अडकवता कोपरात. हे सगळं फिजिओथेरपीच्या मुलीनं शिकवलं. मोठ्या सांध्यानं काम निभत असेल तर लहान सांध्याला लावायचं नाही, असं ती म्हणायची. भाकरीचं मात्र माझ्या जिवाला लागलं. थापलेली भाकरी आणि लाटलेली भाकरी यांत फरक असतो, तो मला तोंडात घातल्याबरोबर कळतो. आता ज्वारीच्या पिठाची उकड काढून लाटते. ज्या दिवशी हात चांगले असतात त्या दिवशी एक, फक्त एक भाकरी थापते आणि ती आईच्या ताटात वाढते. बाकीच्या दिवशी कडक भाकरीवाल्या मावशी आहेत.

आईच्या गुडघ्यांकडेही मग आम्ही वेगळं पाहायला लागलो. तिला माझी औषधं नकोत, तिला मांड्यांची ताकद हवी. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली सोडायचा. सकाळ-संध्याकाळ. तिनं चार किलो वजन कमी केलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो, हे तिला इतकं पटलं की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जमिनीवर बसणं सोडताना मात्र ती हिरमुसली. पूजेलाही खुर्ची, म्हणून. यंदा सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघाले तेव्हा तिला आम्ही रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसवलं. तिनं बसल्या बसल्या हात जोडले.

मागच्या पावसाळ्यात अक्का संध्याकाळी आली ती सुनेला घेऊन. सून चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. कारखान्यात तिच्या विड्या परत यायला लागल्या होत्या, आणि घरात धुसफूस सुरू होती की पोरीचं कामात लक्ष नाही. अक्कानं दोन गड्ड्या माझ्यासमोर ठेवल्या. एका गड्डीतल्या विड्या सैल, तोंडं नीट न मोडलेली, दोरा घसरलेला. दुसरीतल्या सगळ्या एकसारख्या, जणू साच्यातून काढल्यात.

‘या कुणाच्या?’ मी चांगल्या गड्डीवर हात ठेवून विचारलं.

‘हिच्याच. दोन्ही हिच्याच,’ अक्का म्हणाली.

पोरगी मान खाली घालून बसली होती. हात पदराखाली. मी तिला हात दाखवायला सांगितले. बोटांची मुळं भरलेली, दोन उंचवट्यांमधल्या खळग्या बुजलेल्या. मी सैल गड्डी उचलली.

‘या किती वाजता वळल्यास?’

‘सकाळी,’ ती म्हणाली. ‘सहाला बसते मी.’

‘आणि या?’

‘दुपारच्याला.’

मी तिला माझ्या मोबाईलमधली मस्टरची पानं दाखवली. तिनं एकेक करून पाहिली. सकाळच्या सहीवर बोट ठेवून ती बराच वेळ थांबली आणि मग पहिल्यांदाच अक्काकडे मान वर करून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघी सिव्हिलला गेलो. केसपेपर काढला. लग्न नुकतंच झालंय, मूल हवंय, हे डॉक्टरांना आधी सांग, असं मी तिला रिक्षातच बजावलं होतं. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही, पण तशा बायकांसाठी चालणारी दुसरी औषधं आहेत. तिची सूज सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

नंबर यायला वेळ होता. बाकावर अक्का माझ्या आणि तिच्या मधे बसली होती. पिशवीतून तिनं त्या दोन्ही गड्ड्या काढल्या, सकाळची डाव्या हातात आणि दुपारची उजव्या हातात धरली, आणि नावाचा पुकारा होईपर्यंत तशाच धरून ठेवल्या.